हातातला खडा नवे खनिज आहे हे कसे ठरते?

प्रश्न : ब्राझिलियनाइट हे पिवळसर हिरवे खनिज सुरुवातीला क्रिसोबेरिल समजले गेले होते, असे वाचनात आले. मग एखादे खनिज नवे आहे हे कशावरून ठरवतात? शोधणाऱ्याला त्यास स्वतःचे नाव देता येते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील पेग्मटाइट नावाच्या खडकात सापडलेल्या या स्फटिकांचा रंग पाहता ती गल्लत स्वाभाविकच होती. रंग फसवतो, कठिनता सहसा फसवत नाही. मोह्सच्या मापावर क्रिसोबेरिलची कठिनता ८.५, ब्राझिलियनाइटची ५.५ आणि क्वार्ट्झची या दोन्हींच्या मधली असल्यामुळे क्वार्ट्झच्या टोकदार तुकड्याने दुसऱ्यावर ओरखडा उठतो, पहिल्यावर उठत नाही. पण एवढ्याने हातातला खडा क्रिसोबेरिल नव्हे, इतकेच कळते. तो ज्ञात खनिजांपैकी कोणताच नाही, हे रासायनिक घटक आणि स्फटिकरचना या दोन्ही अंगांनी दाखवावे लागते. फ्रेडरिक पो आणि एडवर्ड हेंडरसन या खनिजशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, ते सोडियम व ॲल्युमिनियमचे नवे फॉस्फेट म्हणून.

ग्रॅनाइटी शिलारस थिजत आल्यावर उरलेल्या द्रवात पाणी, लिथियम, बेरिलियम, फॉस्फरस अशी इतरत्र न सामावलेली द्रव्ये साठतात व त्यातून पेग्मटाइट तयार होतो. त्यातील मूळ फॉस्फेटांवर पुढे गरम पाण्याची क्रिया होऊन बारीक पोकळ्यांत नवनवी फॉस्फेटे स्फटिकतात. त्यांचे कण कित्येकदा खसखशीएवढेही नसतात आणि एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे तपासणीसाठी शुद्ध कण वेगळा काढणे हेच सर्वांत चिकाटीचे काम ठरते. शिवाय घटक मोजणाऱ्या नेहमीच्या इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबला हायड्रोजन आणि लिथियम दिसतच नाहीत, म्हणजे नेमके या खनिजांत महत्त्वाचे असलेले घटक निसटतात. ते अन्य पद्धतींनी शोधावे लागतात. रचना तीच असूनही प्रमुख धातू बदलला की नाव बदलते. उदाहरणार्थ, लिथियमच्या एका फॉस्फेटात लोह अधिक असेल तर ट्रायफिलाइट, मँगनीज अधिक असेल तर लिथिओफिलाइट.

१९५९ पासून आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेचा आयोग नव्या खनिजांच्या प्रस्तावांवर मतदान घेतो. मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. वर्णन करणाऱ्याला स्वतःचे नाव देता येत नाही. दुसऱ्या हयात व्यक्तीचे नाव द्यायचे असल्यास तिची संमती घ्यावी लागते.

दुसऱ्याचे नाव देण्याची प्रथा मात्र आयोगाहून बरीच जुनी आहे. अमेरिकेतील कनेक्टिकटमध्ये ब्रँचव्हिल येथे फिलो नावाच्या गृहस्थांनी अभ्रकासाठी खाण खोदली होती. तिथल्या नमुन्यांवरून ब्रश आणि डॅना या खनिजशास्त्रज्ञांनी १८७८ मध्ये इओस्फोराइट, रेडिंगाइट, डिकिन्सोनाइट अशा एकापाठोपाठ एक नव्या फॉस्फेटांची वर्णने केली आणि पुढच्याच वर्षी आणखी एका फॉस्फेटाला खाणमालकाचे नाव दिले : फिलोआइट.