आव थांबली, मग रक्त का उतरले?

प्रश्न : माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीला महिन्यापूर्वी रक्ताची आव पडत होती. जुलाब थांबले, पण आठवडाभरात पोर पांढरीफटक पडली, लघवी कमी झाली. हिमोग्लोबिन ६.४, प्लेटलेट ४२ हजार. मिरजेला दाखल केले. एकदा रक्त चढवले, डायलिसिस लागले नाही. आता घरी आहे. लोहाचे टॉनिक, खजूर, शहाळे सुरू करू का?
— एक आजी, तासगाव

उत्तर : आजी, घाई नको. तुम्ही लिहिलेले सारे ‘एचयूएस’ (हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, म्हणजे तांबड्या पेशी फुटणे आणि मूत्रपिंडाला इजा) या आजाराशी जुळते. ई. कोलायच्या काही जाती आणि शिगेला हे जंतू आतड्यात विष सोडतात. ते मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर सोलते, तिथे गुठळ्या होतात. प्लेटलेट त्यात खर्ची पडतात आणि तांबड्या पेशी तिथून जाताना चिरतात. स्मिअरच्या तपासणीत (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) त्यांचे फाटके तुकडे दिसतात, पेशी फुटल्यावर रक्तात उतरणारे एलडीएच हे विकर वाढते. म्हणजे रक्त लोहाअभावी उतरलेले नाही, पेशी फुटल्या आहेत. त्या अस्थिमज्जा काही आठवड्यांत भरून काढते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) कमी आले तरच लोह द्या; तेही आजार ओसरल्यावर तपासा, कारण सूज असताना ते खोटे वाढलेले दिसते. खजूर, शहाळे, बीट यांत पोटॅशियम भरपूर असते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पूर्ववत झाल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत ते नकोच.

रक्ताच्या जुलाबात लोपेरामाइडसारखी ‘बांधणारी’ गोळी देऊ नये, विष आत कोंडते. प्रतिजैविकाचा निर्णय डॉक्टरांचा: शिगेलाला ते लागते, विषारी ई. कोलायमध्ये धोका वाढू शकतो, म्हणून शौचाचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आधी. तापाला आयबुप्रोफेनही टाळा, मूत्रपिंडावर ताण येतो. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पण लघवी आटून पापण्या सुजल्या, तर पाणी पाजत बसू नका, दवाखाना गाठा.

पुढे रक्तदाब, लघवीतील प्रथिन आणि क्रिएटिनिन पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील तसे, नंतर किमान पाच वर्षे वर्षातून एकदा तपासा. रक्तदाब लहान मुलांच्या पट्ट्यानेच मोजायला सांगा; मोठ्यांचा पट्टा आकडा कमी दाखवतो आणि वाढलेला दाब निसटतो. जुलाबाशिवाय हाच त्रास उलटला, तर फॅक्टर एच या रक्तातल्या संरक्षक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तपासावी लागतात. आपल्याकडच्या मुलांत हे कारण बरेच सापडते आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

आणि हो, धारोष्ण दूध बंद. विषारी ई. कोलाय धडधाकट गाईच्या आतड्यातही असतो, दुधाला एक उकळी आली की मरतो.