रावेरकडे केळीसाठी नवापूरचं ताजं कोंबडीखत घ्यावं का? त्यात औषधांचे अंश राहतात का?

राहतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक औषधांचा बराच भाग कोंबडीच्या विष्ठेतून तसाच बाहेर पडतो. म्हणून खत ताजं टाकू नका. शिवाय त्यातल्या अमोनियाने मुळं जळतात ती वेगळीच.

आधी कुजवा. खतात बारीक केलेली पऱ्हाटी किंवा वाळकी केळीची पानं मिसळून दीड मीटर उंच ढीग लावा. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर गेलं पाहिजे. ते ४५ च्या खाली आलं की पलटी मारा. खानदेशी उन्हाळ्यात ढीग वाळतो आणि कुजणं तिथेच थांबतं; बहुतेकांचं इथेच बिनसतं. मूठभर खत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वरून ओलं गोणपाट टाका.

ऑक्सिटेट्रासायक्लिन कुजताना बरंच मोडतं. एन्रोफ्लॉक्सासिन चिवट, मातीला धरून बसतं. त्यामुळे पोल्ट्रीवाल्याला शेवटचा डोस कधी दिला ते विचाराच.

आणि हो, हे लिटर (पोल्ट्रीतलं विष्ठा मिसळलेलं भुसकट) गुरांपुढे टाकू नका. त्यातलं मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन (कोंबड्यांना खाद्यातून देतात ती औषधं) गुरांना बाधू शकतं. घोड्याला तर थोडंसंही जीवघेणं.