बागेचं विचारा : हिरवळ तिसऱ्यांदा पेरण्याआधी

प्रश्न : आमच्या घरासमोर सुमारे ४,००० चौरस फूट मोकळी जागा आहे. घर बांधून चार वर्षं झाली. या काळात दोनदा हिरवळीचं बी टाकलं. दोन्ही वेळा उगवण छान झाली, पण दीड-दोन महिन्यांत सगळं पिवळं पडलं, विरळ झालं. काही भागात पाणी साचतं, काही भाग दगडासारखा टणक आहे. आता चांगली माती आणून वरून तीन-चार इंचांचा थर द्यायचा आणि त्यावर तिसऱ्यांदा पेरायचं असा विचार आहे. बी कोणतं आणि किती घ्यावं?

उत्तर : बियाचं सांगतेच. पण मातीची गाडी सांगितली असेल, तर आधी ती थांबवा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : दोन्ही वेळा उगवण छान झाली. म्हणजे बी चांगलं होतं आणि तुम्ही पाणीही नीट दिलंत. बियाच्या पोटात त्याची शिदोरी असते. त्या शिदोरीवर कोंब वर येतो, पहिली पानं फुटतात. ती संपली की मुळाला मातीतून कमवावं लागतं, आणि तुमच्याकडे मूळ दोन इंच खाली जाऊन अडत असावं. बांधकामाच्या वेळी त्या जागेवर विटा रचल्या असतील, सिमेंट कालवलं असेल, गाड्या फिरल्या असतील. पाया खणताना खालची निर्जीव माती वर आली आणि तिथंच पसरली गेली असेल. सिमेंट-चुन्याच्या खरकट्यानं मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) चढतो, मग मातीत लोह असूनही गवताला ते घेता येत नाही. कोवळी पानं आधी पिवळी पडत असतील, तर या कारणाची शंका घ्या.

तुमच्या मनात आहे तेच मी माझ्या पहिल्या घरी केलं होतं. सासऱ्यांना संध्याकाळी अनवाणी चालता यावं म्हणून हिरवळ करायची होती. खालची जमीन टणक होती, म्हणून वरून चार इंच उत्तम माती पसरली आणि पेरली. पहिले काही महिने ती इतकी सुंदर दिसत होती की ते रोज दोन फेऱ्या जास्त मारायचे. मग सलग पाऊस लागला आणि महिन्याभरात गवत कुजायला लागलं. एक कोपरा उचलला, तर सतरंजी गुंडाळावी तशी हिरवळ हातात आली. नव्या आणि जुन्या मातीच्या सांध्यावर काळा, वास मारणारा चिखल होता आणि मुळं खाली न जाता आडवी वळली होती. मोकळ्या मातीतून आलेलं पाणी घट्ट मातीत लवकर शिरत नाही, ते सांध्यावरच थांबतं. सासऱ्यांना ती हिरवळ पुन्हा मिळेपर्यंत वर्ष गेलं. ते वर्ष मला आजही लागतं, म्हणून हे इतकं अडून सांगते आहे.

तेव्हा वरून थर नको. आहे तीच माती उघडायची.

आधी खात्री करून घ्या. आदल्या दिवशी पाणी देऊन दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू-ड्रायव्हर किंवा बोटाएवढी लोखंडी सळई हातानं मातीत दाबा. ती दोन-तीन इंचांवर अडली, तर कडक थर तिथंच आहे. जागेच्या आठ-दहा ठिकाणी हे करा आणि अडलं तिथं खुंटी ठोका, खणताना उपयोगी पडेल. पाणी साचतं तिथं एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. तासाला इंचभर उतरलं तर निचरा ठीक आहे. अर्ध्या इंचाहून कमी उतरलं, तर त्या भागात खणण्याचं काम दुप्पट मनावर घ्या.

माती तपासून घ्या. नागमोडी चालत बारा-पंधरा ठिकाणांहून चार इंच खोलीपर्यंतची माती प्लास्टिकच्या बादलीत घ्या, मिसळा आणि त्यातली अर्धा किलो माती-तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या. सामू, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणातला कार्बन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि क्षार एवढं कळलं तरी पुरे. गवताला सामू ६ ते ७ च्या दरम्यान सर्वांत मानवतो. अहवाल येईपर्यंत चुना किंवा जिप्सम, काहीही टाकू नका. चुना आम्लधर्मी जमिनीला लागतो, जिप्सम सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीला. कुणी सांगितलं म्हणून टाकलेला चुना तुमच्यासारख्या जमिनीत गवत आणखी पिवळं करील. स्फुरद कमी निघालं, तर ते खणतानाच मातीत मिसळा. ते जागचं फारसं हलत नाही, वरून टाकलेलं मुळापर्यंत पोचायला फार काळ लागतो.

खणायचं ते वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी असताना. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून मोकळी झाली तर खणा. गोळा तसाच राहिला तर थांबा. ओल्या चिकण मातीत यंत्र घातलं की तिची ढेकळं विटांसारखी वाळतात आणि पुढची कितीतरी वर्षं ती फुटत नाहीत. चार हजार फुटांना पॉवर टिलर लागेल. सहा इंच खोलीनं एक उभी आणि एक आडवी फेरी पुरे. जास्त फिरवून मातीचं पीठ करू नका, पिठाळ मातीवर पहिल्याच पाण्यानं पापडी धरते आणि कोंब खालीच गुदमरतो. मला हरभऱ्यापासून सुपारीएवढ्या ढेकळांची माती आवडते. खुंट्या ठोकलेल्या जागी टिलर पुरणार नाही, तिथं पहारीनं किंवा खणायच्या काट्यानं खालचा थर फोडा. वर आलेले सिमेंटचे तुकडे, खडी, तारा, सगळं वेचून काढा. मोठ्या झाडाखाली मात्र खोल खणू नका. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या थरातच असतात.

आता खत. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पूर्ण जागेवर एक इंच पसरून वरच्या चार-सहा इंचांत मिसळायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण ४,००० चौरस फुटांवर एक इंच म्हणजे सुमारे ३३३ घनफूट खत होतं. एवढं एकदम जमत नसेल, तर यंदा अर्धीच जागा करा, पण नीट करा. खत पूर्ण कुजलंय का ते बघायला मूठभर ओलसर खत पिशवीत बंद करून तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा नाकात झोंबणारा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या शेणखतातून तणाचं बी किती येतं, हे मला वर्षानुवर्षं निंदून कळलंय. आणि चिकण मातीत वाळू मिसळून ती मोकळी करायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. थोड्या वाळूनं ती आणखी घट्ट होते आणि पुरेल एवढी वाळू घालायची तर सगळी जमीनच बदलावी लागेल.

सपाटीकरणात उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवा. दहा फुटांना दोन ते अडीच इंच उतार डोळ्यांना जाणवत नाही, पाण्याला मात्र जाणवतो. खुंट्या, दोरी आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी एवढ्यावर हे काम चोख होतं.

यानंतर पेरायची घाई होते, आणि मी हात जोडून सांगते, तीन आठवडे थांबा. जमिनीला पाणी द्या. ती बसेल, खड्डे दिसतील, ते भरा. शिवाय खणताना वर आलेलं तणाचं बी उगवेल. ते दोन पानांवर असताना खुरप्यानं अर्धा इंचच खरवडा, पुन्हा पाणी द्या, पुन्हा खरवडा. खोल जाऊ नका, नाहीतर खालचं नवं बी वर येईल. या तीन आठवड्यांत काढलेलं तण पुढे हिरवळीतून वेचावं लागत नाही.

आता बी. उष्ण हवामान आणि निदान सहा-सात तास ऊन असेल तर हरळीच्या, म्हणजे दूर्वेच्या, जातीचं घ्या. चार इंच खोलीवरच्या मातीचं तापमान सकाळी २० अंशांच्या आसपास राहायला लागलं की पेरा. थंड हवेत रायग्रास किंवा फेस्क्यू, आणि तेही उन्हाळा ओसरताना. हरळीचं टरफल काढलेलं बी लवकर उगवतं. त्याचं प्रमाण १,००० चौरस फुटांना अर्धा ते पाऊण किलो, म्हणजे तुम्हाला दोन ते तीन किलो. फेस्क्यूचं बी बरंच मोठं असतं, ते कितीतरी जास्त लागतं. पाकिटावरची चाचणीची तारीख आणि उगवणीची टक्केवारी वाचल्याशिवाय काहीच घेऊ नका.

हरळीचं बी इतकं बारीक की हातातून कधी सांडलं ते कळत नाही. चार-पाच पट कोरड्या वाळूत मिसळा, दोन भाग करा, एक उभं आणि एक आडवं फोका. वारा पडलेला असावा. मग दाताळं उलटं धरून हलकेच फिरवा. बी पाव इंचाहून खोल गेलं की वर येत नाही. शेवटी हलका रोलर, कारण बी मातीला चिकटलं पाहिजे. पाय ठेवला तर तळवा अर्ध्या इंचाहून कमी रुतावा, एवढंच दाबायचं. वर पेंढ्याचं विरळ आच्छादन द्या, त्यातून अर्धी माती दिसत राहिली पाहिजे.

पाणी बारीक फवाऱ्यानं, दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. वरचा अर्धा इंच ओलसर हवा, पण ओघळ नको. फुगलेलं बी एकदा वाळलं की संपलं, ते पुन्हा उठत नाही. दोन-तीन आठवडे घरातलं एक माणूस यासाठी बांधलेलं असू द्या. बाहेरगावी जायचं असेल तर पेरणीच पुढे ढकला. उगवण पूर्ण झाली की पाळ्या कमी करा आणि प्रत्येक वेळी पाणी जास्त द्या, म्हणजे मुळं पाण्यामागे खाली जातात. दोन इंच वाढ झाली की जमीन कोरडी असताना धारदार पात्यानं पहिली कापणी करा, उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. नत्र (नायट्रोजनचं खत) साधारण महिन्यानं, तेही बेतानं. तीन-चार कापण्या होईपर्यंत तणनाशकाला हात लावू नका.

प्रश्न : जुनी हिरवळ काढून नवी पेरायची आहे, पण जागेत लव्हाळा फार आहे. टिलर फिरवला तर जाईल का?

उत्तर : नाही, वाढेल. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. टिलर ती माळ तोडतो आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप होते. कोरड्या, कडक उन्हाच्या दिवसांत मात्र खणून गाठी वर आणल्या, उलटवत राहिलं आणि पाण्याचा थेंब दिला नाही, तर त्या वाळून मरतात. ऊन नसेल तर दर आठवड्याला पाती दिसली की उपटत राहा, गाठीतला साठा हळूहळू संपतो. एका हंगामात हे होत नाही. लव्हाळा आटोक्यात येईपर्यंत नवं बी विकत घेऊ नका.

प्रश्न : अर्धीअधिक हिरवळ चांगली आहे, बाकीची विरळ. सगळी उखडावी का?

उत्तर : अजिबात नको. निम्म्याहून जास्त गवत जिवंत असेल तर तेच राखा. खूप आखूड कापा, दाताळ्यानं मेलेलं गवत ओढून माती उघडी करा. पोकळ दातांच्या अवजारानं दोन-तीन इंच खोल भोकं पाडा, चाळलेलं कंपोस्ट पाव इंच पसरा आणि विरळ भागात बी टाका. पाणी मात्र नव्या पेरणीसारखंच. जुनं गवत हिरवं दिसतं म्हणून लोक इथं पाणी कमी देतात आणि नवं बी भोकांतच वाळतं.