कॅप्चर कार्ड जोडलं, तरी पडदा काळाच: वाचकांची प्रश्नोत्तरे

लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवतं, आत घेत नाही. म्हणून प्लेस्टेशनसारख्या (पीएस४, पीएस५) कन्सोलवरचा खेळ रेकॉर्ड करायचा किंवा लाइव्ह दाखवायचा तर मध्ये एक डबी लागते, ती कॅप्चर कार्ड. एका बाजूनं एचडीएमआय आत येतं, दुसऱ्या बाजूनं यूएसबी बाहेर जातं, आणि लॅपटॉपला वाटतं की वेबकॅमच लागला. लॅपटॉपवर ते चित्र रेकॉर्ड करायला किंवा लाइव्ह पाठवायला ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. विदर्भातल्या गावागावांतून याबद्दल बरीच पत्रं साठली आहेत. त्यातली सात आज घेतो.

भाऊ, पीएस४ले कार्ड लावलं, लॅपटॉपमध्ये ओबीएस टाकलं. टीव्हीवर गेम बरोबर चालते, पण लॅपटॉपवर सारं काळं. काहून? कार्ड परत करू का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

परत करू नका, कार्ड बहुधा चांगलंच आहे. प्लेस्टेशन आपलं चित्र एचडीसीपी नावाच्या कुलपात घालून पाठवतं. टीव्हीकडे त्याची किल्ली असते, कार्डाकडे नसते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम उघडा आणि ‘एनेबल एचडीसीपी’समोरची खूण काढा. पीएस५वर हेच सिस्टिमच्या आत एचडीएमआयमध्ये सापडेल. कुलूप काढलेलं असेपर्यंत कन्सोलवरची सिनेमाची अ‍ॅप चालणार नाहीत, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. पीएस३वर मात्र हे कुलूप काढता येत नाही. तिथं कंपोनंट केबल किंवा पिवळी-पांढरी-लाल एव्ही वायर घेऊन, त्याला चालणारं कार्डच लागतं.

तरीही काळंच राहिलं तर दोन गोष्टी बघा. कन्सोलची केबल कार्डाच्या ‘इन’मध्येच आहे ना? आणि मागे दुसरा एखादा प्रोग्रॅम त्याच कार्डाला धरून बसलेला नाही ना?

साडेसातशे रुपयांचं कार्ड मागवलं. डबीवर ४के आणि यूएसबी ३.० लिहिलंय, पण ओबीएसमध्ये गेम अडखळत चालतो, जणू फोटोमागून फोटो. माझा लॅपटॉप जुना आहे म्हणून का? (मेहकर, जि. बुलढाणा)

लॅपटॉपला दोष देण्याआधी हिशेब करू. १०८०पी चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. कच्च्या चित्रात एका ठिपक्याला १६ बिट धरा आणि सेकंदाला ६० चित्रं. झाले सेकंदाला सुमारे १९९ कोटी बिट. यूएसबी २.०ची कागदावरची कमाल क्षमता ४८ कोटी. विहिरीवरच्या मोटरीचं पाणी ठिबकच्या नळीतून काढण्यासारखं आहे हे.

या किमतीच्या बहुतेक डब्यांमध्ये आतून यूएसबी २.०च असतं. प्लग निळा आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्या तोंडात डोकावून बघा. खऱ्या यूएसबी ३.०मध्ये पुढच्या चार पट्ट्यांच्या मागे आणखी पाच संपर्क दिसतात. ‘४के’चा अर्थही एवढाच, की डबी ४के चित्र आत घेते. बाहेर देताना १०८०पीच देते, तेही ३० फ्रेमनं, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. विकणाऱ्यांनी हे डबीवर स्पष्ट छापायला हवं. पै पै जमवून वस्तू घेणाऱ्या पोराची ही फसवणूक आहे आणि मला तिचा राग येतो.

पण कार्ड फेकू नका. या डब्या चित्र दाबून, म्हणजे एमजेपेगमध्ये, पाठवतात तेव्हा ठीक चालतात. ओबीएसनं चुकून कच्चा प्रकार निवडला, यादीत तो वाय-यू-वाय-२ असा दिसतो, की १०८०पीला सेकंदाला पाचेक चित्रंच हाती येतात. तुमचं ‘फोटोमागून फोटो’ मला नेमकं तेच वाटतं. कार्डाच्या सोर्सवर डबल क्लिक करा, रिझोल्यूशन कस्टम करून १२८० बाय ७२० ठेवा, फ्रेम ६०, आणि व्हिडिओ फॉरमॅटमध्ये एमजेपेग. धावपळीच्या खेळाला ३० फ्रेमच्या १०८०पीपेक्षा ६० फ्रेमचं ७२०पी कधीही सरस.

आणि खेळताना डोळे टीव्हीवर ठेवा, ओबीएसच्या खिडकीवर नाही. तिथं चित्र थोडं उशिरा पोचतं. कार्डाला ‘आउट’ नसेल तर एका एचडीएमआयचे दोन फाटे करणारा स्प्लिटर लावावा लागेल.

डेस्कटॉपवर दोन तास रेकॉर्ड केलं, शेवटच्या लढतीत लाइट गेली, यूपीएसही बंद पडला. फाइल दिसते पण उघडत नाही. वाचवता येईल का? (नागभीड, जि. चंद्रपूर)

वाईट वाटलं वाचून. ती फाइल एमपी४ असणार. साध्या एमपी४मध्ये कोणता तुकडा कुठं आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. वीज आधीच गेली की पानं उरतात, अनुक्रमणिका लिहायचीच राहून जाते. दुरुस्तीची सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांच्यावर फार आशा ठेवू नका.

पुढच्या वेळेसाठी आजच ओबीएसच्या आउटपुट सेटिंगमध्ये एमकेव्ही हा फाइलचा प्रकार निवडा. एमकेव्हीत लाइट गेली तरी त्या क्षणापर्यंतचं जवळजवळ सगळं उघडतं. नंतर एडिटिंगसाठी एमपी४ हवी असेल तर फाइल मेनूतलं ‘रीमक्स’ ते काही मिनिटांत करून देतं, चित्राचा दर्जा न घटवता. गावात राहणाऱ्यानं ओबीएस टाकल्यावर पहिलं काम हेच करावं. यूपीएस असेल तर त्यावर डेस्कटॉप, कन्सोल आणि राउटर घ्या, टीव्ही नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच, पण लिहिता लिहिता वीज गेली तर कन्सोलची हार्ड डिस्क खराब होऊ शकते.

आमच्याकडं फायबर नाही, फोनचा हॉटस्पॉट आहे. लाइव्ह जमेल का? (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

जमेल, पण मोजून. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, लाइव्हला अपलोड लागतो. ज्या वेळी खेळणार त्याच वेळी तीनदा मोजा, कारण रात्री आठनंतर टॉवरवर गर्दी असते. सर्वांत कमी आकड्याच्या निम्म्यावर बिटरेट, म्हणजे सेकंदाला डेटा पाठवायचा दर, ठेवा. ६ एमबीपीएस मिळत असेल तर ३ एमबीपीएस, म्हणजे ३००० केबीपीएस, चित्र ७२०पी, ३० फ्रेम, की-फ्रेम (अधूनमधून जाणारं पूर्ण चित्र) २ सेकंदांवर. या दरानं तासाला सुमारे १.४ जीबी जातो, म्हणजे रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये दीड तासही निघत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: आधी रेकॉर्ड करा, लाइव्ह नंतर. चांगलं रेकॉर्ड केलेलं पहाटे टॉवर मोकळा असताना चढवलं तर बघणाऱ्याला स्वच्छ दिसतं. अडखळणारं लाइव्ह कुणी दोन मिनिटंही बघत नाही.

गेम फोनवरचाच असेल तर कार्ड घेऊच नका. स्वस्त फोनच्या टाइप-सीमधून बहुधा चित्र बाहेर येतच नाही. फोनमधलाच स्क्रीन रेकॉर्डर वापरा.

केबल जोडताना बोटांना मुंग्या येतात. चार्जर काढला की थांबतात. हे धोक्याचं आहे का? (अचलपूर, जि. अमरावती)

हे पत्र मी सगळ्यात आधी वाचलं. तुमच्या बोर्डात बहुधा अर्थिंग नाही, किंवा नावालाच आहे. चार्जरच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी थोडा प्रवाह बाहेरच्या धातूवर येतो. अर्थिंग असलं तर तो जमिनीत जातो, नसलं तर तुमच्या बोटांत. मुंग्यांनी माणसाला सहसा इजा होत नाही. पण अर्थिंग नसणं धोक्याचंच. उद्या त्याच घरात कूलरच्या पत्र्यात करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाटच नसेल.

कार्ड बिघडायला तर मुंग्यांपुरताही प्रवाह पुरू शकतो. माझं पहिलं कार्ड असंच गेलं. टीव्ही चालू, लॅपटॉप चार्जिंगवर, मी एचडीएमआय खोचली, बारीकशी ठिणगी दिसली आणि त्यानंतर त्या पोर्टानं कधीच चित्र घेतलं नाही. तेव्हापासून क्रम ठरलेला: सगळे प्लग भिंतीतून काढायचे, डिशची वायरही काढायची, केबल जोडायच्या, मग वीज द्यायची. टीव्ही, कन्सोल आणि लॅपटॉप तीन पिनांच्या एकाच बोर्डावर ठेवायचे.

खरं काम मात्र वायरमनचं. अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, खड्डा कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये त्यात नियमित पाणी घालायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या लक्षात राहत नाही.

मे महिन्यात कार्ड तापून बंद पडतं आणि माइकमध्ये कूलरची घरघर येते. (आर्वी, जि. वर्धा)

एक फुटाची यूएसबी एक्स्टेन्शन लावून कार्ड लॅपटॉपपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवा. कूलरच्या थेट झोतात नको, त्यात ओल असते. माइक तोंडाजवळ, माइकची पाठ कूलरकडे, आणि ओबीएसमध्ये माइकवर ‘नॉइज सप्रेशन’ फिल्टर. हे करून घरघर बरीच उतरते.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. यूट्यूबवर लाइव्ह करू का म्हणून मागे लागलाय. करू द्यावं का? (मोर्शी, जि. अमरावती)

ताई, २२ जुलै २०२५पासून यूट्यूबवर एकट्यानं लाइव्ह करायला १६ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी करायचंच तर मोठं माणूस सोबत, पडद्यावर दिसेल असं बसलेलं हवं. पण रेकॉर्ड करून व्हिडिओ चढवायला तो अजूनही मोकळा आहे. त्याला नाही म्हणू नका, रेकॉर्डिंग शिकू द्या. आवाज, एडिटिंग, मराठीत नीट बोलणं, सगळं त्यातून येतं. फक्त चढवण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसून पूर्ण व्हिडिओ बघा. शाळेचा गणवेश, घराची पाटी, लॅपटॉपवर मध्येच उगवलेला एखाद्याचा फोन नंबर, एवढं दिसत नाही ना ते बघा आणि मग त्यालाच बटण दाबू द्या.