तिकीट स्वस्त, पण लंडनला तेरा तास

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकांचा प्रश्न आहे. लेकीचं बाळंतपण जानेवारीत, न्यू जर्सीला. दोघांच्या जाण्यायेण्याचे दोन भाव एजंटाने दिलेत. दुबईमार्गे 2,36,000, सगळा प्रवास एकाच तिकिटावर, मध्ये तीन तास. लंडनमार्गे 1,88,000, पण मुंबई–लंडन आणि लंडन–न्यूयॉर्क तिकिटं वेगळी, मध्ये तेरा तास. हाताशी 1,90,000 आहेत. "लंडन तर वाटेवरच आहे, दुबईचा वळसा कशाला? आणि तोच घ्यायचा तर पोस्टातलं ज्येष्ठ नागरिकांचं खातं मोडू का?"

काका, वाटेचं म्हणाल तर तुमचं खरं आहे. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. लंडनवरून त्यात 200 वाढतात, दुबईवरून 400. पण ताशी 900 च्या वेगाला हा फरक म्हणजे पाव तास. वेळ जातो तो जमिनीवर. एका बाजूला दहा तास जास्त, जाऊन-येऊन वीस, दोघांचे मिळून चाळीस. म्हणजे तासाला 1,200 रुपये वाचवायला तुम्ही खुर्चीत बसणार. तिशीतल्या मुलाला मी म्हटलं असतं, बस. काकूंचे गुडघे आणि साखर तुम्हीच पत्रात लिहिलीत.

तरी माझा खरा आक्षेप तासांवर नाही, वेगळ्या तिकिटांवर आहे. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी तुमचं काही लागत नाही. तिकीट बुडालं. शिवाय बॅगा घेऊन पुन्हा द्यायला लंडनला बाहेर पडावं लागेल, म्हणजे इमिग्रेशनची रांग आणि व्हिसाची चौकशीही आली. माझ्या मावशीचं असंच धुक्यात विमान चुकलं होतं. काउंटरवर उभ्याउभ्या नवीन तिकीट काढलं, वाचवलेले सगळे गेले आणि वर पदरचे पडले. तेव्हा दुबई.

पण खातं मोडू नका. 10 लाख तुम्ही फेब्रुवारीत ठेवलेत, अजून वर्ष झालेलं नाही. वर्षाच्या आत बंद केलं तर व्याज मिळत नाहीच, दिलेलंही मुद्दलातून कापतात. 8.2 टक्क्यांनी एप्रिल, जुलै, ऑक्टोबर मिळून 50,000 च्या वर तुम्हाला मिळालेत, ते रावपुऱ्याच्या पोस्टात परत द्याल. त्यातून थोडी रक्कम काढायचीही सोय नाही, अख्खं खातं बंद करावं लागतं. 46,000 कमी पडतात, त्यासाठी 50,000 घालवायचे!

बँकेतल्या तुमच्या तीन लाखांच्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव न मोडता तिच्यावर उचल. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडेल. जानेवारीत आणि एप्रिलमध्ये पोस्टाच्या व्याजाचे प्रत्येकी 20,500 येतील ते थेट तिकडे वळवा. एप्रिलपर्यंत फेडायचे सहा-सात हजार उरतील आणि एकूण व्याज दीड-दोन हजारांच्या आत राहील. लेकीकडे मागायला संकोच वाटतो म्हणालात, मग मागू नका, गरजच नाही.

प्रवास विमा घेताना काकूंचा मधुमेह लपवू नका, तिथे दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा. आणि बडोद्याहून गाडीने जाल तर बोरिवलीलाच उतरा, चार बॅगा घेऊन मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊ नका.