आरव्ही पार्कात हिवाळाभर करमतं का?

तुम्ही विचारलंय की मिस्टर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, ओहायोतली थंडी आता सोसवत नाही, तर आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन दक्षिणेत अशा गाड्यांसाठीच्या एखाद्या पार्कात चार महिने राहावं का, आणि आपल्या माणसांना तिथे करमेल का.

ताई, करमतं. पण आरव्ही आधी घेऊ नका.

आम्ही आयोवाचे. गेली काही वर्षं डिसेंबर ते मार्च टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, वेस्लाकोजवळच्या एका पार्कात असतो. तिथे त्या भागाला नुसतं 'व्हॅली' म्हणतात, आणि थंडीपुरत्या येणाऱ्या आमच्यासारख्यांना 'विंटर टेक्सन'. पहिल्या वर्षी आम्ही तिथलंच एक पार्क मॉडेल महिन्याच्या भाड्याने घेतलं. म्हणजे चाकांवरचं, पण जागेवर पक्कं बसवलेलं छोटं घर, फार तर ४०० चौरस फुटांचं. शेजाऱ्यांचं बघून ह्यांनी सांडपाण्याचं काम शिकून घेतलं: संडासाची टाकी आधी सोडायची, मग धुण्या-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. शिकले, आणि हे रोजचं आपल्याला झेपणार नाही हेही कळलं. गाडी घेऊन बसलो असतो तर पैसे अडकले असते. अजूनही आम्ही भाड्यानेच राहतो.

सकाळी आठला पिकलबॉल. कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच, त्यामुळे कॉलेजात बॅडमिंटन खेळलेल्या ह्यांचा हात लगेच बसला. मला मात्र पहिले पंधरा दिवस फार जड गेले. क्लबहाउसमध्ये सगळे प्रेमाने बोलायचे, पण बोलणं शेतीचं, मासेमारीचं, चर्चचं. मग एका बुधवारी क्विल्टिंगच्या खोलीत गेले. बायका मशीनवर बसलेल्या, तुकड्यांचं कापड, मध्ये कापसाचा थर. मी पिशवीतून आईच्या नऊवारीची गोधडी काढली. मिनेसोटाच्या एक आजी आल्या, चष्मा वर केला आणि कडेपासून आत आत जाणाऱ्या धावदोऱ्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. 'हे सगळं हाताने?' एवढंच विचारलं. पुढच्या बुधवारी त्या स्वतःचे जुने झगे घेऊन आल्या. त्या हिवाळ्यात आम्ही पाचजणी जमिनीवर बसून गोधडी शिवत होतो. गुडघे दुखायचे, पण बुधवार कुणी चुकवला नाही.

तिथेच एका सकाळी अंगणात काळी राख उडत आली. शेजारी वैतागले. मी सांगलीची, मला वासावरूनच कळलं, ऊस पेटवलाय तोडणीआधी. सांता रोझाचा तो साखर कारखाना टेक्सासातला शेवटचा. पाण्याच्या टंचाईमुळे २०२४ मध्ये बंद झाला. आता राख येत नाही, आणि मला चुकल्यासारखं वाटतं.

दोन गोष्टी जाण्याआधी बघा. महिन्याच्या भाड्यात वीज बहुधा धरलेली नसते, मीटरप्रमाणे वेगळी भरावी लागते. आणि मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. ओरिजिनल मेडिकेअर घेणाऱ्या डॉक्टरांकडे ते देशभर चालतं, पण खासगी कंपन्यांमार्फत मिळणारा अॅडव्हान्टेज प्लॅन बरेचदा आपल्या भागातल्या ठरावीक डॉक्टरांच्या नेटवर्कपुरता असतो. आमचा तसाच होता. दुसऱ्या वर्षी ह्यांचं ब्लडप्रेशर वाढलं, घाईचं नाही म्हणून साध्या दवाखान्यात गेलो आणि पूर्ण बिल खिशातून भरलं. निघण्याआधी प्लॅनवाल्यांना फोन करून विचारा.

मन घट्ट करावं लागतं तेही सांगते. दर डिसेंबरला गेलं की एखादी जागा रिकामी दिसते. मिनेसोटाच्या आजी यंदा आल्या नाहीत. त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं की ती गोधडी शेवटपर्यंत त्यांच्या पायांवर होती.

तूरडाळ, गोडा मसाला घरून न्या. कढीपत्त्याची कुंडी मात्र अजिबात नेऊ नका. लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर वाढते, आणि व्हॅलीत ग्रेपफ्रूटच्या बागा आहेत.