प्रश्न: नोकरी आणि संसार सांभाळून कादंबरी लिहायला वेळ कसा काढावा? आधी काय तयारी करावी?

बिनपगारी रजा घेऊ नका. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की बँकेत नोकरी आहे, घरी दोन मुलं आहेत, आजोबांच्या काळातली कादंबरी बरीच वर्षं डोक्यात घोळतेय. आणि एका जाणकारांनी तुम्हाला सांगितलंय की सगळा अभ्यास हाताशी असल्याशिवाय पहिली ओळ लिहू नये, कादंबरीला सलग वेळच लागतो, म्हणून वर्षभर रजा टाकायचा विचार आहे. ते जाणकारांचं वाक्य वाचलं आणि हातातलं टायपिंग बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसले. शब्दन् शब्द हेच वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

माझं पाटणला तहसील कचेरीजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. माझी कादंबरी त्या दुकानातच लिहून झाली. कोयनेच्या धरणात गेलेल्या गावातले दोन भाऊ. एकाला सोलापूरकडे जमीन मिळते, दुसऱ्याला कुलाबा जिल्ह्यात. पावसात जन्म गेलेला माणूस सोलापूरच्या रानात कसा तगतो आणि 1972 चा दुष्काळ आल्यावर तो कुणाला दोष देतो, एवढीच गोष्ट. त्या गावात माझ्या आईची आई नांदली होती.

2005 नंतरची काही वर्षं आठवत असतील. आमच्याकडे दिवसाचे कित्येक तास भारनियमन असायचं. कोयना प्रकल्पाची वीज 1,960 मेगावॉट. ती ज्या पाण्यावर होते त्याच्या तळाशी आजीचं घर, आणि त्याच तालुक्यात भर दुपारी लाईट नाही. याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. पण लाईट गेली की मशीन बंद. इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि पंखा चालायचा, झेरॉक्सचा लोड त्याला झेपायचा नाही. माणसं येऊन "लाईट कधी येणार हो?" विचारून परत जायची. दुकान टाकून घरी जाता येत नव्हतं, कारण लाईट आली की सगळे एकदम येणार. तेवढा वेळ माझ्या हातात पडला आणि मी तो सोडला नाही.

झेरॉक्सच्या दुकानात एका बाजूनं वाया गेलेले कागद ढिगानं पडतात. कुठं टोनर फिकट, कुठं कागद तिरका ओढलेला. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायची. एका कागदावर एकच प्रसंग, नाहीतर प्रसंगाचा तुकडा. वर कोपऱ्यात माणसाचं नाव आणि साल. संध्याकाळी भोक पाडून फाईलच्या टॅगमध्ये ओवायचं. लाईट आली की वाक्य होतं तिथं सोडून उठायचं आणि "किती कॉपी?" विचारायचं. अर्धं सोडलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पुरं करायला सोपं जातं, कोरा कागद सुरू करणं अवघड. तुम्ही करून बघा.

मग भारनियमन कमी झालं आणि तो वेळ गेला. दुपारी कचेरीची जेवणाची सुट्टी होते तेव्हा थोडं व्हायचं. पुढं 29 फेब्रुवारी 2020 पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला आणि शनिवारी कचेरी बंद राहायला लागली. समोर कचेरी बंद म्हणजे दुकानात शुकशुकाट. घरच्यांनी धरलं की शनिवार आता मोकळा आहे, तर पापड-कुरडया, पाहुणे, लग्नं सगळं शनिवारी. मी तरीही शटर उघडून बसायची. सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, "आई, शनिवारी मी दुकानातच असणार." गिऱ्हाईक नाही तर कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहायला. त्यांना पटलं नाही, पण शटर वर आहे म्हटल्यावर कुणी बोलवायला आलं नाही.

म्हणून माझं ठाम मत सांगते. वेळ कमी आहे ही अडचण फार थोड्यांची असते. खरी अडचण ही की आपलं लिहिणं घरात काम म्हणून धरलं जात नाही. बाईचं तर नाहीच नाही. टेबलाशी बसलेली बाई घराला रिकामी दिसते. तुम्ही घरी बसून लिहिणार असाल तर वर्षभराच्या रजेत मुलांचे क्लास, गॅसचा नंबर, वडिलांचा दवाखाना हे सगळं तुमच्या अंगावर येईल, कारण "तू घरीच आहेस ना". त्यापेक्षा बँकेतून सुटल्यावर एक तास घराबाहेर काढा. गावच्या वाचनालयात, देवळाच्या ओसरीवर, कुठंही. आणि तो तास कशासाठी आहे हे घरात एकदा मोठ्यानं सांगून टाका. चोरून लिहू नका, चोरून लिहिलेल्याला कुणीच वेळ देत नाही.

आता तयारीचं. इथं मला माझ्या मावसभावाबद्दल बोलावं लागेल. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. मराठीचे प्राध्यापक होते, आता निवृत्त आहेत. आजी आमची दोघांची एकच, गावही तेच. आण्णांनाही याच विषयावर कादंबरी लिहायची आहे, माझ्या कितीतरी आधीपासून. तरुणपणी ते टेपरेकॉर्डर घेऊन पार सोलापूरपर्यंत गेले, म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं. त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात कॅसेटी, कार्डं, नकाशे, कात्रणं. एक कार्ड मी जवळून बघितलंय. आजीच्या धाकट्या भावानं सांगितलेलं. घर सोडताना त्यांनी दारं, चौकटी, वासे, आढं सगळं उतरवून घेतलं, पण चूल मातीची म्हणून तिथंच राहिली, आणि त्याच्या आईनं निघताना ती सारवली. आण्णांच्या बारीक अक्षरात ते लिहिलंय, खाली तारीख आणि गाव. आणि त्यापुढं लाल शाईनं "पडताळणे".

तो माणूस गेला. आता कुणाकडं पडताळणार?

एका वास्तुशांतीला जेवणाच्या पंगतीत कुणीतरी विषय काढला की ही पण लिहितेय म्हणे. आण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "झेरॉक्स काढणं वेगळं आणि कादंबरी लिहिणं वेगळं. त्याला सलग बैठक लागते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं, पाच दिवसांत." मी तेव्हा गप्प बसले, कारण घर दुसऱ्याचं होतं आणि आण्णा वयानं मोठे. आज इथं सांगते. गुरुजींनी 1933 साली 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली हे खरं. पण ती त्यांच्या स्वतःच्या आईची गोष्ट होती, त्यांना काय पडताळायचं होतं? आणि त्याच्याही आधी, 1890 पासून हरिभाऊ आपटे 'करमणूक' साप्ताहिक चालवत होते आणि त्याच साप्ताहिकात कादंबरीची प्रकरणं छापत होते. अंक वेळेवर काढायचा, त्यातलं बाकीचंही बघायचं आणि पुढचं प्रकरणही द्यायचं. 'पण लक्षात कोण घेतो' तशीच हप्त्याहप्त्यानं आलेली आहे. ती काय सलग बैठकीची वाट बघत बसून झाली? मराठी कादंबरी तुकड्यातुकड्यानं लिहिली गेलेली आहे, आणि आण्णा ती वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले.

माझी पद्धत उलटी होती. आधी प्रसंग लिहायचा. जिथं माहिती नाही तिथं गोल करून पुढं जायचं. आठवड्याचे गोल एका कागदावर उतरवायचे आणि फक्त तेवढंच शोधायचं. उदाहरणार्थ, थोरला भाऊ बैल विकतो तो प्रसंग. तो पैसे कसे मोजेल? नवे पैसे आले 1957 ला, पण साठ-एकसष्टला म्हातारी माणसं आणेच बोलत होती. धाकटा पत्र लिहितो, पत्त्यात काय घालेल? रायगड नाही, कुलाबा, कारण रायगड हे नाव 1981 ला आलं. आमचा सातारा जिल्हासुद्धा 1960 पर्यंत उत्तर सातारा होता. आणि भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, पहाटेचा, म्हणजे माणसं झोपेत आणि थंडीत. असली सनावळ एका कागदावर मावते. ती भिंतीला चिकटवा, तेवढी तयारी सुरुवातीला पुरे. तुमच्या आजोबांच्या काळाचीही अशीच करा: नाणी, जिल्ह्यांची नावं, दुष्काळ, निवडणुका, गावात एसटी कधी आली, वीज कधी आली.

पुस्तकांपैकी जिल्ह्याचं गॅझेटिअर जरूर बघा. साताऱ्याचं जुनं 1885 चं आहे. पिकं, बाजाराचे दिवस, घाटरस्ते, सगळं मिळतं, पण ते साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा. त्याहून मोलाचे म्हणजे आपल्याच घरातले सातबारे आणि जुने फेरफार. फेरफारात कोण कधी मेलं, कुणाची नावं वारस म्हणून लागली, कुठल्या बहिणीनं हक्क सोडला, हे चार ओळींत असतं. आमच्या आजीच्या कागदावर "निशाणी डावा अंगठा" आणि त्याखाली तो ठसा आहे, झिजलेला, रेषा जवळजवळ नाहीतच. तो कागद काचेवर ठेवून कॉपी काढली तेव्हा तिचे हात डोळ्यांसमोर आले आणि कादंबरीतली आई मला तिथं सापडली.

गिऱ्हाइकांचे कागद मात्र मी कधी वापरले नाहीत. माझ्याकडे दाखल्यांसाठी रोज माणसं येतात. प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत 5 टक्के आणि भूकंपग्रस्तांना 2 टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे नातवंडं आजोबांचे कागद शोधत फिरतात. त्यातलं काही वाचून ठेवणं मला पटत नाही. ज्यांनी आपणहून बसून सांगितलं त्यांचं ऐकलं, आणि लिहू का म्हणून विचारलं. बहुतेकांनी "लिव्हा की" म्हटलं. एकानं नको म्हटलं, ते मी घातलेलं नाही.

काही गोष्टी राहिल्या. माझ्या दुकानात माझ्या वर साहेब नाही. बँकेच्या काउंटरवर कागद काढून बसलात तर मेमो मिळेल, तेव्हा कामाच्या वेळेत ते करू नका. घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर माझा वरचा सगळा ठामपणा बाजूला ठेवा, तेव्हा झोप आधी. आणि शिवकाळावर, पेशवाईवर लिहिणार असाल तर गोष्ट वेगळी. मोडी वाचायला शिकल्याशिवाय त्यात हात घालू नये, तिथं अभ्यास आधीच हवा. पण तुमचा विषय आजोबांचा आहे. त्यांना ओळखणारी माणसं अजून असतील, आणि ती ऐंशीच्या पुढं असतील. रजा घ्यायचीच असेल तर आठ दिवसांची घ्या आणि आधी त्यांच्याकडे जाऊन बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री त्यावरून एक तरी प्रसंग लिहा, कच्चा का असेना. नुसतं रेकॉर्ड करून ठेवलं की त्याची ट्रंक होते.

माझं पुस्तक निघालं. साताऱ्याहून एका छोट्या प्रकाशकानं काढलं. आण्णांना पहिली प्रत मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती वाचली हे मला वहिनींकडून कळलं, त्यांनी स्वतः अजून काही सांगितलेलं नाही. माझ्या कादंबरीत ती सारवलेली चूल नाही. ते कार्ड आण्णांचं आहे, ते त्यांनीच लिहावं असं मला मनापासून वाटतं. मी दोन भाऊ लिहिले, आजी लिहिली नाही. आण्णांनी तिला बोलताना ऐकलंय, तिचा आवाज त्यांच्याकडं कॅसेटीत आहे. त्या कॅसेटी आता चालतात की नाही तेही बघायला हवं, डिजिटल करून घ्यायला पुण्यात माणसं आहेत, मी पैसे द्यायला तयार आहे. त्यांची नात इथली उत्तरं वाचते. बाळ, हे आजोबांना दाखव, आणि त्यांना म्हणावं शनिवारी दुकान उघडं असतं, कागद भरपूर आहेत.